पौर्णिमेची रांग

काशी आयुष्यात एकच मोठं खोटं बोलली, आणि तेही थेट देवाच्या नावावर.

दर पौर्णिमेला ती पहिल्या कोंबड्याला उठायची, चुलीवर भाकरी टाकून ठेवायची आणि चालत साखरप्याला येऊन घाटावर जाणारी एसटी धरायची. गावात सांगून ठेवलं होतं, नरसोबाच्या वाडीला जाते, दत्ताला. तळेकोंड हे देवरूखच्या वरच्या अंगाचं डोंगरातलं कुणब्यांचं गाव. तिथं नवरा गेलेली बाई दत्ताला जाते म्हटल्यावर तिला अडवणार कोण? उलट तिची सासू गंगुबाई पाणवठ्यावर मिरवायची, "माजी सून घाट चढून दत्ताला जाते, तुमच्या सुना शेजारच्या वाडीत हळदीकुंकवाला जायाचा कंटाळा करतात." मग शेजारणीही आपापले नवस काशीच्या पिशवीत टाकू लागल्या. कुणाच्या म्हशीचा नारळ, कुणाच्या मुलाच्या नोकरीचा नारळ. काशी बापडी तो भार खांद्याला लावून घाट चढायची.

ती वाडीला जातच नव्हती. घाटावरच्या शहरात एक सरकारी इस्पितळ होतं, त्याच्या मागच्या बाजूला औषधाची एक खिडकी होती, आणि त्या खिडकीसमोर ती दर महिन्याला रांग धरायची.

तिचा नवरा भागोजी मुंबईला एका छापखान्यात होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, चार दिवस राहायचा. नव्व्याण्णव साली तो अवेळी आला, तो परत न जाण्यासाठीच. अंगात ताप, तोंडात फोड, पाय काटक्यांसारखे. गावानं काविळीचं निदान केलं, कारण गावाला काविळीचं झाडपाल्याचं औषध येत होतं. ज्या रोगाचं औषध ठाऊक, तोच रोग माणसाला व्हावा असं आपल्याला वाटतं. देवरूखच्या एका डॉक्टरनं भागोजीचं रक्त तपासून काशीला दार लावून बाजूला बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. वर म्हणाला, "तुमचंही तपासायला हवं." काशीनं तपासलं. चिठ्ठीवर जे यायचं तेच आलं. भागोजी त्या पावसाळ्यात गेला. काशीनं चिठ्ठी चुलीत घातली आणि दुसऱ्या दिवशी सासूबरोबर लावणीला उतरली, कारण भाताची रोपं माणसाच्या सुतकासाठी थांबत नाहीत.

पाच वर्षं ती धडधाकट होती. मग वजन उतरू लागलं. त्याच सुमारास सरकारनं या आजाराची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली होती, पण तेव्हा ती औषधं मिळत घाटावरच्या त्या इस्पितळात. गोळ्या दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, जन्मभर. पहिल्याच दिवशी तिथल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, "गोळी चुकली की आजार गोळीला ओळखायला लागतो. मग ती घेतली काय आणि न घेतली काय." काशीला हे पटकन समजलं. तिच्या म्हातारीनं, म्हणजे गंगुबाईनं, घरात उंदराला अधूनमधून घातलेलं विष असंच वाया गेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, खोटं बोलायला पौर्णिमाच का? कारण अमावास्येला दत्ताला कोण जातं! शिवाय गोळ्या मिळायच्या तीस दिवसांच्या आणि पौर्णिमा यायची एकोणतीस-तीस दिवसांनी. चंद्राचं आणि सरकारचं गणित निदान या एका बाबतीत जुळलेलं होतं. आपण मोठी हुशारी केली असं काशीला वर्षभर वाटत होतं. गोळ्या ती पेढ्याच्या पुड्यात घालून आणायची, वरच्या थरात पेढे, खाली औषध. आणि ते नारळ? ते ती एसटीत भेटलेल्या, खरोखर वाडीला चाललेल्या एखाद्या म्हातारीच्या ओटीत घालायची आणि ज्याचं त्याचं नाव तिच्याकडून दोनदा घोकवून घ्यायची. देवाशी तिनं तेवढा व्यवहार सरळ ठेवला होता.

एकदा त्या समुपदेशक बाईंनी तिला सहज विचारलं, "तुम्ही कोकणातली सगळी माणसं पौर्णिमेलाच का हो येता? एरवी बाकं मोकळी, आणि पौर्णिमेला तुमची जत्रा."

काशीनं वळून रांगेकडे बघितलं. कपाळाला अष्टगंध लावलेला एक रिक्षावाला. जपमाळ घेतलेली एक मास्तरीण. नारळाची पिशवी पायांशी ठेवलेलं एक जोडपं. सगळ्यांच्या बोलण्यात आपल्याकडचा हेल. म्हणजे हुशारी सगळ्यांनी केली होती, आणि एकच केली होती! ओळखीचं माणूस भेटू नये म्हणून संगमेश्वर, सावर्डे, देवरूख असा अर्धा जिल्हा घाट चढायचा, आणि ओळखीची माणसं नेमकी त्याच दिवशी त्याच खिडकीशी जमायची. काशीला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

ते हसू पुढच्याच पौर्णिमेला जिरलं. २००६ सालची कार्तिकातली पौर्णिमा. काशी रांगेत उभी होती. खिडकीपासून चौथ्या जागी पांढरी टोपी घातलेला एक माणूस होता. हातात हिरवं पुस्तक, खिडकीशी दाखवायला लागतं ते. त्यानं मान वळवली आणि काशीची नजर त्याच्या नजरेला धडकली.

तो हरिश्चंद्र होता. तळेकोंडचा मानकरी. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या चौथऱ्यावर बसते, तिथून ती कुणाच्या दारी आधी आणि कुणाच्या नंतर जाणार हे ज्याच्या तोंडून ठरतं, तो हरिश्चंद्र. वीस वर्षं मुंबईच्या गोदीत काढून गावाला परत आलेला. गावात त्याच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही.

"भावजी," काशीच्या तोंडून निघून गेलं.

हरिश्चंद्रानं पुस्तक सदऱ्याखाली सारलं. रांग सोडली आणि फाटकाबाहेर चालता झाला. चौथ्या जागेवर होता हो! अजून थोडा थांबला असता तर महिन्याच्या गोळ्या हातात होत्या. काशी मागे धावली, पण तो रस्ता ओलांडून गर्दीत शिरला होता.

पुढच्या पौर्णिमेला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माघात काशीनं त्याला गावात बघितलं, अंगणात उन्हाला बसला होता. सदरा खांद्यावरून ओघळत होता. जवळून जाताना खोकल्याची उबळ ऐकू आली. तो खोकला काशीनं स्वतःच्या घरात ऐकलेला होता. मानकऱ्याला थंडी बाधली असं गाव म्हणत होतं. माझं तोंड बघून या माणसानं औषध सोडलं, हे एकटी काशी जाणून होती. तो मेला तर माझ्या तोंडामुळे मेला असं होईल. हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. तिनं ठरवलं, हा माणूस परत औषधाला लागला पाहिजे.

एव्हाना रत्नागिरीलाही तसली खिडकी उघडली होती. घाटावरच्या बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "तुमच्या जिल्ह्यात सोय झालीय, बदलीचा कागद देते, तिकडे जा." पण रत्नागिरीला जायचं कुणी? तिथं केसपेपर काढायच्या खिडकीवर कुणाचा मामा, सुई टोचायला कुणाची मामेबहीण. तळेकोंडच्या ग्रामसभेत एकदा आरोग्य सेविका चित्रांचं पुस्तक घेऊन आली होती. तिनं सगळं समजावून विचारलं, "कुणाला काही शंका?" सभा देवळासारखी शांत. बाई परत निघाली, तर एसटीच्या फाट्यापर्यंत तिला पाच जण वेगवेगळे गाठून म्हणाले, "माजा एक मित्र हाय मुंबईला, तो इचारत व्हता..." आमच्याकडे हा आजार नेहमी मित्राला असतो.

हरिश्चंद्राच्या घरी जाऊन त्याच्याशी बोलायचं काशीनं दोनदा योजलं. एकदा तो तिला पाहून गोठ्यात गेला. एकदा त्याची बायको आनंदीबाई ओटीवर बसली होती. तिच्यासमोर काय बोलणार? तेव्हा काशीच्या ध्यानात आलं की हरिश्चंद्राला भीती आजाराची नाही, माझ्या तोंडाची आहे. त्याचं गुपित माझ्याकडे, आणि ते फुटलं तर तो बुडाला. माझंही गुपित त्याच्याकडे आहे, पण माझ्यासारख्या बाईच्या गुपिताला किंमत ती काय? मग माझंच उघड करून टाकते. एकदा सगळ्यांना कळलं, तळेकोंडची एक बाई हे औषध खाते आणि चालते-फिरते, की तिच्याशी बोलणाऱ्या माणसाकडे कोण कशाला संशयानं बघेल? निदान तिला तसं वाटलं. ती चुकली होती, पण माणसाला हिंमत यायला कधीकधी चूकही पुरते.

शिमग्याच्या आधी सहाणेवर गावकी बसली. पालखीच्या फेरीचं ठरवायचं होतं. बायका लांब माडाच्या बुंध्याशी उभ्या होत्या, ऐकायला. बोलायला बायका नसतात तिथं. काशी चालत पुढे आली.

"माजं येक सांगनं हाय," ती म्हणाली. "मी पौर्णिमेला दत्ताला जात नाय. मी औषधाला जात्ये. ह्यांना मुंबईला एड्स झालेला, तो मला झाला. मी दीड वर्स गोळ्या खात्ये. तुमच्या पुढ्यात उभी हाय, बघा. आता ही सोय रत्नागिरीला झालीय. कुनाला जायाचं असंल तर माज्यासंगं चला. मी कुनाचं नाव कुटं बोलनार नाय."

सगळेच एकदम बोलू लागले. बाबल्या, जो पालखीचा पुढचा खांदा धरायचा, तो उठून म्हणाला, "हिच्या दारात पालखी थांबली तर आमी खांदेकरी तिथलं पानी कसं प्यायाचं?" कुणी म्हणालं विहिरीचं काय. कुणी म्हणालं, डास चावून होतो म्हणतात. आरोग्य सेविकेनं दाखवलेलं चित्रांचं पुस्तक त्या वेळी कुणालाच आठवलं नाही. शेवटी सगळ्यांनी मानकऱ्याकडे बघितलं.

हरिश्चंद्र खाली बघत होता. बराच खोकला. मग म्हणाला, "गावकीचं म्हननं तेच माजं."

ठरलं. यंदा पालखी काशीच्या दारावरून पुढे जाईल, थांबणार नाही. काशी माणूस होती, देवता नव्हती. तिला त्या क्षणी हरिश्चंद्राचं नाव घेऊन ओरडावंसं वाटलं. जिभेच्या टोकावर आलेलं ते नाव तिनं गिळलं आणि घरी आली.

घरी आणखी एक गावकी बसलेलीच होती. "माजे नारळ कुटं गेले?" गंगुबाईनं दारातच अडवलं. "म्हशीचा नारळ, बायजीच्या लेकाचा नारळ, माजे स्वताचे! देवाला फसवलंस काय गो?"

"पोचले आते, येकूनयेक पोचले," काशी म्हणाली. "वाडीला जानाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाती धाडले. नाव घेऊन."

"नाव बरोबर घेतलन् त्यांनी?"

"मी त्यांच्याकडनं दोनदा म्हनून घेतलं."

गंगुबाई बसली. "भागोजीला बी हेच व्हतं?" तिनं विचारलं. काशीनं मान डोलावली. म्हातारी रडली, पदर तोंडात धरून, आवाज न करता रडली. काशीही रडली. दोघींनी एका माणसासाठी आठ वर्षं निरनिराळं रडून घेतलं होतं, ते त्या दिवशी एकत्र रडल्या. मग गंगुबाई डोळे पुसून म्हणाली, "गोळीची येळ झाली काय? मंग खा आदी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशी हरिश्चंद्राच्या काजूच्या बागेत गेली. तो बिया वेचायला यायचा, तेवढं एक काम त्याला बसून जमत होतं. तो उठायला बघू लागला तशी ती वाटेत उभी राहिली.

"आज पळू नका भावजी. पळायची ताकद बी नाय तुमच्यात."

"शिव्या द्यायला आलीस? दे."

"शिव्या मागाहून देईन, तुमी जगलाव तर." ती खाली बसली. "काल मी तुमचं नाव घेतलं काय? पालखी माज्या दारावरनं फिरवलीत तरी घेतलं काय? मंग आता कशाला भ्याताव? मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी रत्नागिरीला जात्ये. आपल्याच फाट्यावरनं, समद्यांच्या देखत."

"लोक बगतील."

"लोक मला बगतील. माज्याकडं बगून झालं की मंग तुमच्याकडं बगायला त्यांना येळ नाय उरायचा. तुमी गाडीत लांब बसा. कोरटाचं काम सांगा, दाताचं सांगा, काय वाट्टेल ते सांगा. दत्ताचं तेवडं सांगू नका, त्ये आता चालनार नाय."

हरिश्चंद्राच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि त्याचा खोकला झाला. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "तुज्याशी मी वंगाळ वागलो, काशी."

"वागलाव. मंगळवारी सकाळी सात," ती म्हणाली आणि निघून आली.

मंगळवारी ती फाट्यावर उभी होती. फाट्यावरची चार माणसं तिच्यापासून चार हात सरकून उभी राहिली. तिनं ते बघितलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. गाडी वळणावर दिसली तरी हरिश्चंद्राचा पत्ता नव्हता. काशी पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच मागून कंडक्टरला हाक आली. हरिश्चंद्र काठी टेकत, धापा टाकत येत होता. चढला आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला. रत्नागिरीपर्यंत दोघं एक अक्षर बोलली नाहीत.

खिडकीवर मामा नव्हता आणि मामेबहीणही नव्हती. एक तरुण समुपदेशक बाई होती. तिनं हरिश्चंद्राला स्टुलावर बसवून त्याचं हिरवं पुस्तक चाळलं आणि तोंड गंभीर केलं. "चार महिने औषध सुटलंय, काका. पुन्हा तपासण्या कराव्या लागतील, डॉक्टर बघतील. आणि या वेळी मी तुम्हाला एकट्याला सोडणार नाही. गोळी घेतली का हे रोज विचारणारं एक माणूस लागतं, त्याची इथं सही लागते. कोण आहे तुमच्याबरोबर?"

हरिश्चंद्रानं खाली बघितलं. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. काशी दाराशी, ठरल्याप्रमाणे लांब उभी होती. ती पुढे आली नाही. हे तिनं त्याच्या वतीनं बोलायचं काम नव्हतं.

शेवटी त्यानं हात वर करून दाराकडे दाखवलं. "ही हाय."

"नातं काय लिहू?"

हरिश्चंद्रानं ओठांवरून जीभ फिरवली. "लिवा, गाववाली," तो म्हणाला. बाईला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाला, मोठ्यानं म्हणाला, "आमच्या गावची हाय ती."

काशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बाईनं पुढे केलेलं पेन तिनं हातात घेतलं नाही.

"सही करीन," ती म्हणाली. "पन पुडल्या खेपेला आनंदीवयनी हितं पायजे. तिला तुमी सांगायचं, दुसऱ्या कुनी नाय. तिचं रगत तपासायचं. मला डॉक्टरनं दार लावून सांगितलं तवा माजा नवरा मरायला टेकलेला. वयनीला तसं कळता नये."

"ती मला घरात ठेवायची नाय," हरिश्चंद्र म्हणाला.

"नाय ठेवलन् तर माज्या पडवीत झोपा. पन सांगा."

समुपदेशक बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मागे रांग होती, पण रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. हरिश्चंद्रानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"देवीच्यान् सांगतो," तो म्हणाला.

"देवीला मधी नको. नुसतं सांगा."

"सांगतो. आज घरी गेल्याबरोबर सांगतो."

तेव्हा काशीनं पेन घेतलं. तिला सावकाशच लिहिता यायचं. तिनं आपलं नाव लिहिलं, भागोजीचं लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि जागा उरली नव्हती तरी रेघेच्या बाहेर जाऊन पुढे तळेकोंड असं गावाचं नाव लिहिलं.